शेंदरी साक्षीदार

आमच्या घरात माझ्या नोकरीबद्दल कधीच एकमत झालं नाही. बायको शोभा लग्नकार्यात सांगायची, "ते गव्हर्मेंटमध्ये आहेत." आई, जिला आम्ही सगळे माय म्हणतो, ती आपल्या अहिराणीत सांगायची, "खड्डा मोजस तो." मुलगी शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या नावापुढे 'इंजिनियर' लिहायची आणि मग माझ्याकडे अशी बघायची, की बाबा, एवढं निभावून न्या. तिघींचं थोडं थोडं खरं होतं. त्यातल्या त्यात मायचं जास्त.

सुरत जिल्ह्यात रोजगाराच्या सरकारी योजनेवर मी तांत्रिक सहायक होतो. गावातल्या माणसाने काम मागितलं की त्याला गावातच काम द्यायचं, आणि त्या कामातून गावाला तळं, बांध, रस्ता असं काहीतरी मिळायचं, अशी ही योजना. कामाची हमी लोकांना. ती हमी द्यायला जाणारा मी मात्र अकरा महिन्यांच्या करारावर. करार संपून नवा होईपर्यंतचे दिवस मी फार धार्मिक व्हायचो. उधन्याच्या आमच्या गल्लीतल्या मारुतीला माझ्या कराराची तारीख पाठ झाली असणार.

वडील खानदेशातून लूमवर काम करायला सुरतेला आले. आमच्या नात्यागोत्यातले सगळे पुरुष कापडात आहेत. मी एकटा मातीत गेलो. रोज सकाळी मोटारसायकल काढायची, पलसाण्याच्या रंगाच्या मिलांचा वास नाकात घेत हायवे पार करायचा, उसाचे ट्रॅक्टर चुकवायचे आणि तालुक्यातल्या कुठल्या तरी गावात जाऊन खड्ड्यात उतरायचं. वाटेत चलथाणच्या बाजूला ऊसतोडीच्या झोपड्या दिसायच्या. त्यांतली कितीतरी माणसं आमच्याच खानदेशातली. म्हणजे आमच्याकडची माणसं गाव सोडून इथे येतात, इथल्या गावांतली माणसं गाव सोडून मिलांत जातात, आणि ती जाऊ नयेत म्हणून मला नेमलेलं. मी स्वतः गाव सोडून आलेल्याचा मुलगा. सरकारला माणूस निवडता येत नाही असं कोण म्हणतं?

मी आजवर काय केलं ते सगळं सांगत बसलो तर वाचक पान उलटतील आणि माझ्यावर विश्वासही ठेवणार नाहीत. म्हणून एकाच तळ्याची गोष्ट सांगतो. गावाचं नाव बदलून वडपाडा म्हणतो.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजावून घ्या. तळं खोल करण्याच्या कामात नुसतं हजर राहून पूर्ण मजुरी पडत नाही. माती किती निघाली त्यावर ती ठरते. आता खड्डा म्हणजे रिकामी जागा. पूर्वी तिथे काय होतं हे कशावरून ठरवायचं? म्हणून खोदताना मधे मधे मातीचे खांब तसेच उभे ठेवतात. खांबाचं डोकं म्हणजे जुनी जमीन, पाय म्हणजे नवा तळ. या खांबांना मटाम म्हणतात. मी त्यांना साक्षीदार म्हणायचो. शेवटचं माप झालं की साक्षीदार पाडायचे आणि त्यांचीही माती मापात धरायची. इमानेइतबारे साक्ष देणाऱ्याला अशी शिक्षा फक्त आमच्याच खात्यात होते.

पण साक्षीदार फितूर होतात. आज कमरेएवढा असलेला खांब उद्या छातीला लागतो, कारण कोणीतरी त्याच्या डोक्यावर ओल्या मातीची टोपी चढवून थापटलेली असते. खांब उंच म्हणजे खड्डा खोल. त्यावर उपाय असा, की खांबाच्या डोक्यावरचं मूळचं गवत तसंच राखायचं. गवत शाबूत, तर साक्षीदार शाबूत. वडपाड्यात ते केलं होतं. पण होळीनंतर गावभर हिरवं असं काही राहिलं नाही, आणि शेळ्यांनी एका दुपारी माझे सगळे पुरावे खाऊन टाकले.

त्याच आठवड्यात घरच्या खिडक्यांचे गज रंगवायला मी रंग आणला होता. डबा उघडून शोभा म्हणाली, "अहो, हा शेंदरी आहे. आपण खिडक्या रंगवतोय का मारुतीचं देऊळ काढतोय?"

"दुकानात चॉकलेटी दिसत होता."

"दुकानात तुम्हाला सगळंच बरं दिसतं. परत करून या."

उघडलेला डबा कोण परत घेणार? तो माझ्या मोटारसायकलच्या पेटीत पडून राहिला. शेळ्यांचा प्रकार कळल्यावर मला एकदम सुचलं. साक्षीदारांच्या डोक्यांना रंग लावून टाकू! वर माती चढवली तर रंग झाकला जाईल आणि चोरी पकडली जाईल. मी स्वतः खाली उतरलो, ब्रश आणायला विसरलो होतो म्हणून चिंधी घेतली, आणि तळ्यातल्या प्रत्येक खांबाचं डोकं शेंदरी करून टाकलं. रंग पातळ होता, ओघळ खाली आले. लांबून पाहिलं तेव्हा मला माझ्या कल्पकतेचं फार कौतुक वाटलं.

"साहेब, हे काय केलंत?" रमीलाबेनने विचारलं.

रमीलाबेन कामावरची मेट होती. मेट म्हणजे माणसं जमवणारी, हजेरी घेणारी, भांडणं मिटवणारी आणि साहेबाला गप्प बसवणारी बाई. तिचा नवरा पलसाण्याच्या एका मिलमध्ये कापड धुण्याच्या खात्यात होता. तिथे खोली मिळत होती, आणि रमीलाबेन व मुलगी अशा दोघींना साड्यांच्या घड्या घालायचं कामही मिळत होतं. नवरा कधीचा सांगत होता, या म्हणून. पण मुलगी, निमिषा, दहावीची परीक्षा देऊन बसली होती आणि तिला तालुक्याच्या शाळेत अकरावीला जायचं होतं. नवराबायकोचं ठरलेलं होतं: पाऊस पडेपर्यंत गावात पुढचं काम मिळालं, तर मायलेकी गावात राहतील. नाही मिळालं, तर सामान बांधायचं. निमिषा घड्या घालायला बसणार, आणि एकदा त्या खोलीत गेलेली मुलगी अकरावीला परत येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

आणि पुढचं काम तयार होतं. गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंत दुतर्फा झाडं लावायची होती. आमच्या योजनेत झाडांचं काम म्हणजे लॉटरी. खड्डे खणा, रोपं लावा, कुंपण करा, पाणी घाला, राखण करा; तळं एकदा खोदलं की संपतं, झाडं वर्षानुवर्षं माणसं मागतात. अट एकच: तळ्याचं काम पूर्ण झाल्याचं दाखवल्याशिवाय झाडांचं काम मंजूर होणार नव्हतं. आणि तळं पूर्ण म्हणजे साक्षीदार पाडलेले, तळ साफ, आणि तसा फोटो.

यात कठीण असं काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच बिघडलं.

रंग लावल्यावर काही दिवसांनी मधल्या खांबाच्या पायथ्याशी जमीन ओली झाली. मग तिथे ओंजळभर पाणी साठलं. जवळून कालवा जातो, त्याचा तो पाझर होता. कालव्याला पाणी सोडलं होतं. पण ऐन उन्हाळ्यात कोरड्या तळ्यात, शेंदूर लावलेल्याच्या नेमक्या पायाशी पाणी आलं, याला लोकांनी पाझर म्हणावं अशी अपेक्षा करणारा मी कोण? दुसऱ्या दिवशी तिथे जास्वंदीचं फूल दिसलं. मला वाटलं, कोणाच्या केसांतून पडलं असेल. मग अगरबत्ती, मग नारळ, मग मातीचा एक छोटा घोडा. इकडे नवस फेडायला देवापुढे असे घोडे ठेवतात. घोडा आला म्हणजे कोणाचं तरी काम झालंही होतं!

एक फायदा कबूल करायला हवा. देवाच्या धाकाने बाकीच्या साक्षीदारांच्या टोप्याही बंद झाल्या. माझी मापं इतकी चोख आयुष्यात कधी आली नव्हती. लोक चपला पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, काढून तळ्यात उतरायचे. हजेरीचा फोटो मोबाइलवर काढायचा असतो, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. त्या फोटोत पूर्वी माणसं कशीही उभी राहायची, आता देवाला मधे घेऊन, पदर सारखे करून उभी राहू लागली. रोजगार योजनेचे एवढे शिस्तीचे फोटो तालुक्यात दुसऱ्या गावचे नव्हते. त्या फोटोंमुळेच तालुक्याचे नवे साहेब तळं बघायला आले.

साहेब तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. पाळीवर चपलांची रांग बघून त्यांनीही बूट काढले. दुपारची वेळ, माती तव्यासारखी. साहेब एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत देवापर्यंत पोचले, हात जोडले आणि गुजरातीत विचारलं, "केटलुं जूनुं स्थानक छे?" किती जुनं आहे हे?

मी तोंड उघडणार, तोच भीमाकाका पुढे झाले. भीमाकाका गावातले वडीलधारे. त्या खांबाच्या चारही बाजूंची माती त्यांनी स्वतःच्या पावड्याने काढली होती. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, अमे नाना हता त्यारनुं."

आम्ही लहान होतो तेव्हापासूनचं! मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं बोलल्याचा मागमूस नव्हता. नंतर मला पटलं की ते खोटं बोलत नव्हते. ती माती ते लहान असल्यापासून तिथेच होती की.

साहेबांनी देवाभोवती ओटा बांधता येईल का ते बघा म्हणून मला सांगितलं. परतताना जीपमध्ये मी धीर करून म्हणालो, "साहेब, तो आमचा मापाचा खांब आहे. आणि रंग माझ्या घरच्या खिडकीचा."

साहेबांनी काच खाली केली, वर केली. "धार्मिक बाबतीत आपण काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "तुमचा करार कधीपर्यंत आहे?"

"देवाच्या दयेने जोवर आहे तोवर," मी म्हणालो.

झालं. शेवटचं माप झालं, बाकीचे साक्षीदार पडले, तळं आरशासारखं साफ झालं, आणि मधोमध तो एकटा शेंदरी उभा. तो उभा होता तोवर तळं अपूर्ण. तळं अपूर्ण तोवर झाडं नामंजूर. काम नाही म्हणून लोक पाळीवर येऊन बसायचे आणि ज्याच्यामुळे काम नाही त्यालाच काम दे म्हणून साकडं घालायचे. पावसाळा तोंडावर आला. वडपाड्यातली एकेक घरं कुलूप लावून पलसाण्याकडे निघू लागली.

मी रमीलाबेनला म्हणालो, "तू सांग ना लोकांना. रंग मी लावताना तू बघितलंयस."

"बघितलंय."

"मग?"

"रंग तुम्ही लावला, कबूल. पण तुमच्याकडून लावून कोणी घेतला?"

विचार करून बघा.

"निमिषाच्या शाळेचं काय?" मी विचारलं.

ती तळ्याकडे वळली. मग म्हणाली, "साहेब, उद्या माझ्या हाताने कुदळ लागली आणि परवा पोरीला ताप आला, तर मी कोणाला विचारायला जाऊ? तुम्ही तर सहा वाजता सुरतेला जाता."

तिला भीती वाटत नव्हती असं नाही आणि ती भोळी होती असंही नाही. तिला दोन्हीकडून पोरगीच दिसत होती.

मी शेजारच्या गावचे मजूर आणले. ते आले, पाया पडले, प्रसादाचं खोबरं खाल्लं आणि एकेक करून परत गेले. शेवटी एका भर दुपारी, पाळीवर कोणी नसताना, मी स्वतःच कुदळ घेऊन उतरलो. मी डिप्लोमावाला माणूस. पाझर म्हणजे काय, माती म्हणजे काय, रंग कुठल्या दुकानातला, सगळं मला माहीत. कुदळ वर उचलली. आणि आठवलं, की करार पुढच्या महिन्यात संपतोय. मी कुदळ खाली ठेवली आणि आजूबाजूला बघून हात जोडले.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं. मुलगी हसून हसून ताटावरून उठली. शोभा म्हणाली, "चॉकलेटी आणला असता तर?" माय मात्र हसली नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणाली, "मटाम शे ना तो?"

मी चमकलो. हा शब्द मी घरात कधी वापरला नव्हता. पण माय तरुणपणी, दुष्काळात, खानदेशात सरकारी कामावर होती. तळ्याच्या कामावर तिने मातीच्या पाट्या वाहिलेल्या. ती फारसं बोलायची नाही त्याबद्दल. मला एवढंच माहीत होतं, की तिथलं काम संपल्यावर ती आणि वडील सुरतेला आले.

"माले लई चाल," ती म्हणाली. मला घेऊन चल.

"माय, ऊन किती आहे. तुला काय बघायचंय त्यात?"

"तुन्हा देव देखना शे."

रविवारी मामेभावाच्या रिक्षात बसून आम्ही वडपाड्याला गेलो. साहेबांची आई आली म्हटल्यावर गाव गोळा झालं. रमीलाबेनने तिला हाताला धरून तळ्यात उतरवायला घेतलं, तर मायने हात सोडवून घेतला आणि उतारावर पाय आडवे टाकत एकटीच खाली गेली. मला त्या उतारावर नेहमी बसून घसरावं लागायचं.

ती खांबापुढे उभी राहिली. आधी हात जोडले. मग खांबावर तळहात फिरवला, जसा म्हशीच्या पाठीवर फिरवतात. मग बायांकडे वळून अहिराणीतच विचारलं, "याले काय म्हनतस?"

तिची अहिराणी आणि त्यांची गुजराती यांना दुभाष्या लागत नाही. माझी शाळेतली मराठी असती तर लागला असता.

"देव," कोणीतरी म्हणालं.

"नाव काय त्यानं?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. भीमाकाका डोकं खाजवत म्हणाले, "बा, ए पूछवानुं रही गयुं." ते विचारायचं राहूनच गेलं.

"पाऊस कधी येस आठे?"

"आवतो ज छे." आलाच म्हणून समजा.

"मंग तयात पानी भराई," माय म्हणाली. तिचं तया म्हणजे तळं. "आनि हाऊ शे मातीना. समदास्ना डोयासमोर इरघयी जाई. बरं दिसी का ते?"

पावसाने खांब विरघळणार हे मला माहीत होतंच. त्या भरवशावर तर मी रोज आभाळाकडे बघत होतो. फक्त तोवर निमिषाचं सामान बांधून झालं असतं. पण मी पावसाला माझा मजूर समजत होतो. देवाची लाज पावसाआधी आपण राखायची असते, असं मला सुचलं नव्हतं. लोकांना ते लगेच सुचलं. एक म्हातारी तोंडाला पदर लावून म्हणाली, "हाय हाय, ओगळी जाय!"

"तो सुं करवानुं, बा?" भीमाकाकांनी विचारलं. मग करायचं काय? आता ते खरोखर विचारत होते.

मायने सांगितलं, की आमच्या उधन्यात मातीचा गणपती आणतात, लाड करतात, आणि मग वाजतगाजत पोचवतात. त्याला कोणी मोडणं म्हणत नाही. गणपती भीमाकाकांनाही माहीत होता. गावात तरुण मंडळ होतं, डीजेही होता. ते खांबाला एक फेरी मारून आले. मग म्हणाले, "पण मूकवा जवानुं क्यां?" पोचवायचं कुठे?

"तठे," मायने पाळीकडे बोट दाखवलं. "तयानी राखन करी."

भीमाकाकांनी मान हलवली. "वळावी तो शकाय," ते म्हणाले. निरोप देता येईल. त्यांचा आवाज इतका हलका झाला, की मला वाटलं ते बरेच दिवस कोणीतरी हे सांगावं म्हणून वाट बघत असणार.

देवाला पोचवायच्या दिवशी डीजे नको असं ठरलं, देव जुना आहे म्हणून. तूर, म्हणजे इकडचा ढोल, आणि थाळी वाजवणारे आले. नारळ फुटले. भीमाकाकांनी डोळे मिटून पहिली कुदळ घातली आणि शेंदरी डोकं अलगद कलंडून बायांनी पसरलेल्या लुगड्यात पडलं. रमीलाबेनने पावड्याने पाटी भरली. पाटी भरली आणि सगळं थांबलं. उचलणार कोण?

मी मायकडे बघितलं तेव्हा उशीर झाला होता. तिने पदराचा पीळ देऊन चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि रमीलाबेनला नुसती हनुवटी वर करून खूण केली. मी "माय, नको" म्हणेपर्यंत पाटी तिच्या डोक्यावर होती. एरवी घरात भिंतीला धरून चालणारी बाई मान ताठ ठेवून, एक हात कमरेवर घेऊन तो उतार चढायला लागली. वाद्यंसुद्धा क्षणभर गडबडली. मग रमीलाबेनने आपली पाटी उचलली, मागोमाग ती हाय हाय करणारी म्हातारी, मग सगळ्या. रांग लागली. पाळीवर पाटी रिकामी करून माय परत खाली आली आणि मला म्हणाली, "तू काय देखी ऱ्हायना? उचल."

आयुष्यभर मी माती मोजली, लिहिली, कमी भरली म्हणून लोकांना सुनावलं. उचलली कधी नव्हती. पाटी भीमाकाकांनी डोक्यावर दिली. उतार सुरू झाला आणि माझ्या कमरेत काहीतरी जोरात बोललं. देवाच्या पाठोपाठ मलाही चौघांनी पाळीवर पोचवलं, तेवढं वाजतगाजत मात्र नाही.

आठवडाभर मी पडून होतो. शोभा तेल चोळता चोळता एकच वाक्य म्हणायची. रंगाबद्दलचंच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ऑफिसातून फोन आला. देवाला पोचवायच्या दिवशीच्या हजेरीच्या फोटोत पुढे पाटी घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई दिसताहेत, त्यांची नोंद सापडत नाही.

"माझी आई आहे," मी म्हणालो.

"त्या या कामावर आहेत?"

"त्या फार जुन्या कामावर आहेत."

मग "सांभाळा" म्हणून फोन ठेवला गेला. साफ तळ्याचा फोटो मात्र त्याच दिवशी पास झाला, आणि साहेबांनी ओट्याचा विषय पुन्हा काढला नाही. देवस्थान कुठे गेलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा भीमाकाकांनी त्यांना पाळीकडे हात करून सांगितलं, "फर्या." फिरायला गेले.

झाडांचं काम पावसाच्या अगदी तोंडावर मंजूर झालं. खड्डे खणले गेले ते चिखलातच. मी सगळ्या गावाचं भलं केलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण तोवर कित्येक घरांना कुलपं लागली होती आणि काम निघाल्याचा निरोप गेला तरी त्यातली थोडीच उघडली. खोली घेतलेला माणूस दुसऱ्यांदा विचार करतो. योजनेचं काम वेळेवर पोचलं तरच काम असतं, उशिरा पोचलं तर नुसती झाडं असतात. ती घरं आठवली की तो शेंदरी डबा मला हलका वाटत नाही.

रमीलाबेनने सामान बांधलं नाही. झाडांच्या कामाच्या पहिल्या दिवशी मी खुणा करायला खडू काढायला पेटी उघडली, तर ती पुढे झाली, पेटीत हात घातला, उरलेला रंगाचा डबा उचलला आणि काही न बोलता पदराखाली घेऊन निघून गेली. तो मला परत दिसला नाही.

त्या वर्षी माझा करार नवा झाला, पुढच्या वर्षी मात्र नाही. कारण कळवलं नाही. हमी नसलेल्या माणसाला कारण देत नाहीत. सध्या मी सुरतेत एका बिल्डरकडे फरशा मोजतो. फरशांना कोणी टोप्या चढवत नाही, त्यामुळे दिवस जरा बेचव जातो.

यंदा श्रावणात माय म्हणाली, तयात पाणी आहे का बघून येऊ. पुन्हा तीच रिक्षा. तळं काठोकाठ भरलं होतं. माय पाळीवर उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "आम्हीन खंदेल तया भरेल मी कधी देखाच नही." त्यांनी खानदेशात खोदलेलं तळं भरायच्या आधीच ते सुरतेला निघून आले होते. इतकी वर्षं मी तिला तळ्यांबद्दल एक शब्द विचारला नव्हता.

रस्त्याच्या कडेला रमीलाबेन हंडा घेऊन रोपांना पाणी घालत होती. श्रावणात, पाऊस पडत असताना. मी म्हटलं, "अगं, हे काय?"

"काम आहे," ती म्हणाली. "कागदावर पाणी घालायचं लिहिलंय. पाऊस घालतो ते त्याचं."

मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "साहेब, तुमचं काम सुटलं म्हणे? अरजी करा ना इथे. मागेल त्याला द्यावं लागतं. मी मेट आहे, मी नाव घेते तुमचं."

"त्याले नको ली, बाई," माय पाळीवरून ओरडली. "त्याले पाटी उचलता येस नही!"

दोघी हसत होत्या तेवढ्यात मोठ्या रस्त्याकडून सायकलची घंटी आली. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, ओली चिंब, रोपांच्या रांगेतून डबक्यांना चुकवत येत होती. रमीलाबेनचं हसणं थांबलं आणि ती ओरडली, "ए निमिषा! बाजूने चालव! झाडं मोडशील तर सगळी परत लावावी लागतील!"

निमिषाने सायकल थांबवली, झाडांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग मोडू का एखादं?"